आधी कुरण, मग शाल: किन्नौर, स्पिती आणि कुल्लूचा दोघांचा गाडीप्रवास

पहिल्या खेपेला आम्ही दोघं थेट मनालीला गेलो आणि पहिल्याच संध्याकाळी रस्त्यालगतच्या एका दुकानातून ‘प्युअर पश्मिना’ म्हणून शाल घेतली. पुण्याला आल्यावर तिच्या एका सुटलेल्या धाग्याला काडी लावून पाहिली. धागा वितळला आणि टाचणीच्या डोक्याएवढा कडक मणी झाला. म्हणजे ॲक्रिलिक. त्याच प्रवासात आम्ही मनालीहून एका दिवसात कुंझुम खिंड ओलांडून स्पितीतल्या काझाला पोचलो होतो आणि ती सगळी रात्र नवऱ्यानं डोकं धरून, ओकाऱ्या काढत काढली होती. दोन्ही चुकांचं मूळ एकच होतं. आम्ही चुकीच्या टोकाकडून शिरलो होतो.

दुसऱ्या खेपेला शिमल्याकडून चढलो आणि मनालीकडून उतरलो. या दिशेनं गेलं की उंची थोडी थोडी वाढते आणि शरीराला सवय होत जाते. शिवाय लोकरीची ओळखही योग्य क्रमानं होते. आधी मेंढ्या दिसतात, मग टकळी, मग माग, आणि दुकान सगळ्यात शेवटी. तोवर हाताला खरी लोकर कळायला लागलेली असते. नवऱ्याला जंगली प्राणी बघायचे होते आणि मला विणायला लोकर हवी होती. या रस्त्यावर या दोन गोष्टी वेगळ्या नाहीतच, हे आम्हाला तिथे गेल्यावरच समजलं. पहिल्यांदा निघणाऱ्या जोडप्यांसाठी तो सगळा प्रवास इथे पायरी-पायरीनं लिहिते आहे.

पायरी १: महिना ठरवा

शिमला ते काझा हा किन्नौरमधला रस्ता बहुतेक वर्षभर चालू असतो, पण कुंझुम खिंड बर्फ काढल्यावर साधारण जूनमध्ये उघडते आणि ऑक्टोबरच्या अखेरीकडे पुन्हा बंद होते. पूर्ण फेरी करायची तर तेवढेच महिने हातात राहतात. त्यातूनही जुलै-ऑगस्ट वगळा. स्पितीत पाऊस फारसा पडत नाही, पण तिथवर नेणाऱ्या किन्नौरच्या रस्त्यावर दरडी येतात. शिवाय १५ जुलै ते १५ सप्टेंबर या काळात हिमाचलात राफ्टिंग आणि पॅराग्लायडिंग बंद असतं.

उरतो जूनचा दुसरा पंधरवडा, नाहीतर सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरचा पहिला आठवडा. माझं मत सप्टेंबरच्या बाजूनं आहे. तेव्हा नाल्यांना पाणी कमी असतं, आभाळ स्वच्छ असतं, किन्नौरमध्ये सफरचंदं उतरवायचं काम चालू असतं आणि वरच्या कुरणांतून मेंढ्यांचे कळप खाली यायला लागलेले असतात. दसरा ऑक्टोबरात असेल तर शेवटचे दिवस कुल्लूत ठेवा. बाकी देशात रावण जाळून झाला की तिथला दसरा सुरू होतो आणि ढालपूर मैदानात सात दिवस चालतो. खोऱ्यातल्या गावोगावच्या देवता पालख्यांतून येतात. शाली, टोप्या, पट्टू (अंगाभोवती गुंडाळायचं जाड लोकरी वस्त्र) यांचा बाजारही तेव्हा भरात असतो.

एकूण चौदा रात्री धरा. दहा दिवसांत होतं असं सांगणारे भेटतील. होतं, पण मग दिवसभर फक्त गाडीच चालवावी लागते.

पायरी २: गाडी आणि हात

पुण्याहून चंदीगड सतराशे किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढं चालवायची हौस नसेल तर चंदीगडपर्यंत विमानानं किंवा रेल्वेनं जा आणि तिथून गाडी भाड्यानं घ्या. स्वतः चालवायच्या भाड्याच्या गाडीला काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी स्वस्तात मिळाली तरी घेऊ नका. ते बेकायदेशीर आहे आणि अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. काझापर्यंत छोटी गाडीही जाते, पण लोसरपुढे कुंझुम, बातल आणि ग्रांफूचा पट्टा दगडगोट्यांचा आहे. तिथे पोट उंच असलेलीच गाडी हवी. स्टेपनीत हवा आहे का, जॅक आणि पाना आहे का, हे चंदीगडच्या आवारातच उघडून बघा. पंक्चरचं सामान आणि टोचनाचा दोर सोबत घ्या.

दोघांनाही चालवता यायला हवं. एकाचं डोकं दुखायला लागलं तर दुसऱ्याला चाक धरता आलं पाहिजे. घाटात हात बसलेला नसेल तर आधी पावसाळ्यानंतर दोन-तीनदा ताम्हिणी आणि वरंधा करून या. नियम तेच आहेत, फक्त तिथे कठडे कमी असतात. चढणाऱ्या गाडीचा हक्क पहिला. उतारावर ब्रेकवर पाय ठेवून राहायचं नाही. जो चढ ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये तो उतरायचा. आंधळ्या वळणावर हॉर्न द्यायचा. सफरचंदाच्या दिवसांत ट्रक भरभरून येतात, त्यांना डोंगराकडची बाजू देताना दरीकडे स्वतः किती सरकता येईल याचा अंदाज घ्या. नसेल जमत तर रुंद जागेपर्यंत मागे घ्या. त्यात कमीपणा नाही.

पेट्रोल रामपूरला भरा, मग रेकाँग पिओखाली पोवारीला पुन्हा काठोकाठ भरा. पुढचा भरवशाचा पंप काझाला, दोनशे किलोमीटरवर. काझाला पुन्हा भरून मगच कुंझुमकडे निघा. रोख पैसे पुरेसे ठेवा. यूपीआय चालतं, पण रेंज असेल तेव्हाच. भारतीयांना या रस्त्यावर वेगळा परवाना लागत नाही, मूळ ओळखपत्र मात्र हाताशी हवं.

पायरी ३: चढण, एकेका मुक्कामानं

पहिली रात्र नारकंडा, सुमारे २,७०० मीटर. सकाळी देवदारांतून हाटू शिखरावर जाऊन या आणि मग सतलजच्या काठी उतरा.

वाटेत रामपूर लागतं. हे बुशहर संस्थानाचं गाव आणि तिबेटशी चालणाऱ्या व्यापाराची जुनी पेठ. दरवर्षी ११ नोव्हेंबरपासून इथे लवी मेळा भरतो. पूर्वी तिथे लोकर, पश्म (पश्मिन्याची कच्ची लव), सुकामेवा आणि स्पितीचे चामुर्थी घोडे यांची देवघेव व्हायची. तुम्ही सप्टेंबरात गेलात तर मेळा मिळणार नाही, पण बाजारात थांबून एखादी जाड हातमागाची चादर हातात घेऊन बघा. घेऊ नका, फक्त बोटांना ओळख करून द्या.

दुसरी रात्र सराहन. भीमाकाली मंदिर लाकूड आणि दगडाच्या थरांचं आहे, आणि वर वनखात्याचं रानकोंबड्यांचं केंद्र आहे. तिथे जुजुराणा या पक्ष्याची पैदास केली जाते. पश्चिम हिमालयातल्या दाट जंगलात राहणारा, लाल-काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेला हा हिमाचलचा राज्यपक्षी. जुजुराणा म्हणजे पक्ष्यांचा राजा. रानात तो दिसणं फार कठीण असतं. केंद्र बघायला मिळेल का हे आधी विचारून घ्या आणि मिळालं तर आवाज न करता बघा.

मग सांगला खोऱ्यात दोन रात्री. करछमला बास्पा नदी सतलजला मिळते, तिथून रस्ता आत वळतो. रकछम किंवा सांगलाला राहा आणि दिवसा चितकुलला जा. ते ३,४०० मीटरच्या पुढे आहे. दिवसा उंच चढायचं आणि रात्री खाली झोपायचं, हा उंचीची सवय करून घेण्याचा सगळ्यात सोपा मार्ग. चितकुलहून नदीकाठानं वर चालत जा, सुरक्षा दलाची चौकी थांबवते तिथवर. दोन-तीन तासांची ही चाल सपाट आहे, पण श्वासाकडे लक्ष देत चाला. कोण लवकर दमतं, कुणाचं डोकं जड होतं, हे इथेच समजतं.

किन्नौरमध्ये माग बघायचे असतील तर घरमालकिणीला विचारा. विणण्याचा खरा हंगाम हिवाळा असतो, कारण बर्फात शेतीची कामं थांबतात. सप्टेंबरात सगळे बागेत असतात. तरी बहुतेक घरांत खड्डीवर अर्धवट शाल चढवलेली असते. खड्डी म्हणजे जमिनीत खड्डा करून बसवलेला माग. विणणारी काठावर बसते आणि पाय खड्ड्यात सोडते. किन्नौरी शालीच्या काठावरची नक्षी हातानं धागे भरत विणतात आणि भारी नक्षीची एक शाल पुरी व्हायला महिना-दीड महिना सहज लागतो. पांढरा, पिवळा, लाल, हिरवा, निळा हे पाच रंग पंचमहाभूतांचे मानले जातात. हे सगळं मागापाशी बसून ऐकलं की दुकानात किमतीवरून घासाघीस करायला जीभ रेटत नाही.

पाचवी रात्र कल्पा. समोर किन्नर कैलास. सकाळी रोघी गावाकडे पायी जाऊन या आणि मग निघा. खाबला स्पिती नदी सतलजमध्ये येते. तिथून झाडं संपतात आणि डोंगर उघडे होतात. नाकोला ३,६०० मीटरवर एक रात्र, टाबोला एक. नाकोजवळ मलिंगचा नाला आहे. बर्फाच्या पाण्याचे नाले सकाळी लहान असतात आणि दुपारनंतर फुगतात. आम्ही जेवणात वेळ घालवला आणि चार वाजता तिथे पोचलो. पाणी चाकाच्या अर्ध्यावर होतं. समोरून आलेल्या ट्रकवाल्यानं दगड कुठे आहेत ते खुणेनं दाखवलं म्हणून पार झालो. त्यानंतर आम्ही रोज सहाला निघून दोनच्या आत मुक्कामी पोचायचो.

टाबोचा मठ इसवी सन ९९६ चा, मातीच्या भिंतींचा. आतल्या चित्रांचे फोटो काढायला मनाई आहे. डोळे अंधाराला सरावेपर्यंत शांत उभे राहा.

पायरी ४: उंचीचं दुखणं

डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं, झोप न लागणं ही पहिली लक्षणं. ती दिसली तर आणखी वर जायचं नाही. विश्रांती, पाणी, हलकं जेवण. बरं वाटलं तर पुढे. चालताना तोल जाणं, बोलणं असंबद्ध होणं, पडल्या पडल्या धाप लागणं किंवा खोकल्यातून फेस येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता खाली उतरायचं आणि काझाचं किंवा रेकाँग पिओचं रुग्णालय गाठायचं. गोळ्या घ्यायच्या असतील तर निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारा, विशेषतः रक्तदाब किंवा इतर औषधं चालू असतील तर. दारू नको. आणि जोडीदारापासून दुखणं लपवायचं नाही. माझ्या नवऱ्यानं पहिल्या खेपेला ‘काही नाही, दमलोय’ म्हणत तीन तास काढले होते. तेवढ्यात आम्ही आणखी वर गेलो.

पायरी ५: काझा, किब्बर आणि प्राणी

काझा परिसरात तीन रात्री ठेवा, त्यातली पहिली काझाला आणि पुढच्या दोन किब्बरला. किब्बर ४,२०० मीटरवर आहे, म्हणून थेट तिथे मुक्काम करू नका. ‘की’ नावाचा मठ वाटेतच आहे. लांगझा, हिक्कीम, कोमिक या तिन्ही गावांना एका दिवसात जाता येतं. हिक्कीमच्या टपाल कार्यालयातून घरी पत्र टाका. लांगझाला मुलं शंखांचे जीवाश्म विकायला आणतील. मायेनं बोला, पण विकत घेऊ नका. घेणारे असतात म्हणून ते खणले जातात.

आता प्राणी. उन्हाळ्यात हिमबिबट्या दिसेल ही आशा सोडा. तो बघायला लोक फेब्रुवारी-मार्चच्या बर्फात किब्बरला येतात, कारण तेव्हा भक्ष्य खाली उतरतं आणि त्याच्यामागे तोही. सप्टेंबरात दिसतात ते भरल, म्हणजे निळसर करड्या जंगली मेंढ्या, आणि आयबेक्स, म्हणजे रानबकरे. आयबेक्सला इकडे टंगरोल म्हणतात. दोघांत गोंधळ होतो तो असा सोडवा: टंगरोल नराची शिंगं मागे कमानीसारखी वळलेली आणि त्यांवर गाठींची रांग. भरलाची शिंगं गुळगुळीत, बाहेरच्या बाजूला वळून मागे गेलेली. भरलाचा रंग दगडांत इतका मिसळतो की उभा कळप नजरेतून सुटतो. पांढरा पार्श्वभाग आणि पायांवरचे काळे पट्टे शोधा. आधी नुसत्या डोळ्यांनी हालचाल टिपा, मग ८×४२ ची दुर्बीण लावा. सूर्य डोंगरावर यायच्या सुमाराला आणि उन्हं उतरताना, अशा दोन वेळा महत्त्वाच्या.

लाल कोल्हा गावाच्या कडेला संध्याकाळी दिसतो. आकाशात हिमालयी ग्रिफन आणि दाढीवालं गिधाड, कड्यांवर चकोर. कळपातल्या प्राण्यांनी चरणं थांबवून माना वर केल्या की तुम्ही फार जवळ गेलात असं समजा आणि तिथेच बसा. बिस्किटं कुणालाच घालू नका, गावातल्या कुत्र्यांनाही नाही. पोसलेली कुत्री टोळीनं भरलाच्या पिल्लांमागे लागतात. ड्रोन परवानगीशिवाय उडवायचा नाही. हा सीमेचा भाग आहे. आणि गावातला वाटाड्या घ्या. त्याचे पैसे म्हणजे प्राणी जिवंत राहण्यात गावाचा वाटा असतो.

हे वाक्य मी सहज लिहिलेलं नाही. किब्बरच्या कुरणात भरल चरतात, तिथेच गावाच्या मेंढ्या, बकऱ्या आणि याकही चरतात. गुरं वाढली की भरलांना गवत उरत नाही. भरल कमी झाले की बिबट्या गोठ्यात शिरतो आणि मग गावाचा राग बिबट्यावर निघतो. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन या संस्थेनं किब्बरच्या लोकांशी बोलून गावाच्या कुरणाचा एक भाग चराईमुक्त ठेवला. पुढे गुरांच्या विम्याची योजनाही आली, म्हणजे बिबट्यानं याक मारला तर नुकसान एकट्या घरावर पडत नाही. त्या राखलेल्या भागाच्या कडेला आम्ही सकाळी दोन तास बसलो होतो. समोर तीसेक भरल, आणि खाली ओढ्यापाशी गावच्या मेंढ्या.

संध्याकाळी घरमालकिणीच्या सासूबाई उन्हात बसून टकळीवर सूत काढत होत्या. मी माझं विणकाम काढून शेजारी बसले. त्यांनी माझ्या सुयांवरची लोकर चिमटीत घेऊन पिळली आणि विचारलं, “ये कौन सी भेड़ है?” मला उत्तर देता येईना. पिशवीवर फक्त रंगाचा क्रमांक होता. त्यांनी त्यांच्या हातातल्या लोकरीबद्दल मात्र सगळं सांगितलं: कुठली मेंढी, कधी कातरली, काळी लोकर पांढरीत किती मिसळली. त्यांच्याकडून मी मोज्यांपुरतं सूत घेतलं. काझाच्या बाजारातही बायकांनी विणलेले मोजे, टोप्या, याकच्या लोकरीच्या वस्तू मिळतात. सगळ्या घरच्या नसतात, लुधियानाच्या कारखान्यांतल्याही असतात. कुणी केली हे विचारा. जिनं स्वतः केली असेल ती नाव सांगते.

पायरी ६: कुंझुम, चंद्रताल आणि मेंढरांचे तांडे

काझाहून पहाटे निघा. कुंझुम साडेचार हजार मीटरच्या वर आहे, तिथे थोडं थांबून पुढे चला. चंद्रताल ४,३०० मीटरच्या आसपास, आणि हे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत आहे. तळ्याकाठी तंबू लावायला बंदी आहे. मुक्काम काही किलोमीटर अलीकडच्या छावणीत करायचा आणि तळ्यापर्यंत चालत जायचं. स्पितीकडून आलात तर तिथली थंड रात्र निभावते. मनालीहून थेट आलेल्यांना ती फार जड जाते.

या टप्प्यात गद्दी मेंढपाळ भेटतील. कांगडा-चंबाचे हे लोक उन्हाळ्यात खिंडी ओलांडून लाहौल-स्पितीच्या कुरणांत येतात आणि सप्टेंबरात परत फिरतात. आपल्याकडे धनगर पावसाळा संपला की कोकणाच्या वाटेला लागतात, तसंच हे, फक्त उभ्या दिशेनं. रस्त्यावर कळप आला की गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. हॉर्न वाजवला की मेंढ्या बिचकून दरीच्या बाजूला दबतात. कळपाच्या आगेमागे दाट केसांची मोठी कुत्री असतात, कधी कधी गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा असलेली. बिबट्या मानगूट धरतो म्हणून तो पट्टा. ती कुत्री काम करत असतात. खाली उतरून हात लावायला जाऊ नका. मेंढपाळ स्वतः बोलायला आला तर चहा द्या. गद्दी मेंढी वर्षातून दोन-तीनदा कातरतात, आणि उन्हाळी कुरणातून परतल्यावरची लोकर चांगली येते असं त्यांच्याकडूनच ऐकलं.

पायरी ७: कुल्लूत पाण्यावर आणि हवेत

ग्रांफूला पक्का रस्ता लागतो. मग ९.०२ किलोमीटरचा अटल बोगदा, २०२० साली सुरू झालेला. पलीकडे एकदम हिरवं. मनालीत न थांबता नग्गर किंवा कुल्लूजवळ तीन रात्री घ्या. बियासवर पिर्डी ते झिडी हा राफ्टिंगचा पट्टा नवख्यांना झेपतो. जॅकेट स्वतः ओढून बघा, हेल्मेट सैल असेल तर बदलून मागा. पॅराग्लायडिंग डोभी किंवा सोलंगला करता येतं. वैमानिकाचा परवाना बघायला संकोच करू नका आणि वारा वाढलाय म्हणून तो नाही म्हणाला तर हुज्जत घालू नका.

हाताशी दोन दिवस जास्त असतील तर ते तीर्थन खोऱ्याला द्या. ग्रेट हिमालयन नॅशनल पार्क २०१४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. गुशैनीहून नदीकाठानं उद्यानाच्या दारापर्यंतची एका दिवसाची पायवाट सुंदर आहे.

पायरी ८: आता लोकर घ्या

कुल्लूची शाल मुळात साधी असायची. तिच्यावरची भौमितिक नक्षी बुशहरच्या बाजूनं आलेल्या विणकरांनी आणली, म्हणजे तुम्ही ज्या रस्त्यानं आलात त्याच बाजूनं. कुल्लू शाल आणि किन्नौरी शाल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे. भुट्टिको ही भुट्टी गावच्या विणकरांची १९४४ सालची सहकारी संस्था. तिच्या दुकानांत भाव ठरलेले असतात. आधी तिथे जाऊन प्रकार आणि किमती समजून घ्या, मग आखाडा बाजारात हिंडा. महामार्गावरच्या ‘फॅक्टरी’ पाट्यांच्या दुकानांत सगळ्यात शेवटी, गेलात तर.

काय काय असतं? पट्टू म्हणजे बायका अंगाभोवती गुंडाळून पिनांनी अडकवतात ते जाड लोकरी वस्त्र. दोहडू त्याच घराण्यातला. अरुंद मागावर विणलेले दोन भाग मध्ये जोडलेले असतात. ती शिवण दोष नव्हे, ती जुन्या पद्धतीची खूण आहे. पट्टी म्हणजे कोट-जाकिटांसाठी विणलेलं अरुंद लोकरी कापड. टोप्या: किन्नौर-बुशहरची हिरव्या मखमली पट्टीची, कुल्लूची रंगीत नक्षीच्या पट्टीची.

लोकर कुठली आहे हे स्पष्ट विचारा. देशी मेंढीची लोकर खरखरीत, उबदार आणि वर्षानुवर्षं टिकणारी. ज्यांच्या घरी आजोबांची घोंगडी होती त्यांना ती लगेच ओळखू येईल, फक्त आपल्या दख्खनी मेंढीपेक्षा ही बरीच मऊ, आणि चिंचोक्याची खळ नसल्यामुळे कडकपणा नाही. मेरिनो जातीच्या मेंढीची लोकर मऊ आणि एकसारखी, गळ्याला टोचत नाही. अंगोरा म्हणजे सशाचे केस, फार उबदार पण झडणारे, म्हणून मेंढीच्या लोकरीत मिसळून वापरतात. पश्मिना ही विशिष्ट बकऱ्यांच्या केसांखालची लव. लडाखच्या चांगथांगी आणि स्पिती-किन्नौरच्या चेगू जातीच्या बकऱ्यांपासून ती विंचरून काढतात. तंतू १२ ते १६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). एका बकरीपासून ती मूठ-दोन मूठच मिळते, मग विंचरणं, सूत, माग. त्यामुळे काही शे रुपयांत पश्मिना असूच शकत नाही.

पारख अशी करा. झालरीचा एक धागा मागा आणि दुकानदाराच्या परवानगीनं बाहेर जाऊन जाळा. लोकर केस जळल्यासारखी वासते आणि राख चुरगळते, ॲक्रिलिकचा मणी होतो. यानं लोकर की प्लास्टिक एवढंच कळतं, मेरिनो की पश्मिना हे नाही. अंगठीतून शाल काढून दाखवतात तो पुरावा धरू नका. व्हिस्कोस या कृत्रिम धाग्याचं पातळ कापडही अंगठीतून जातं. शाल उलटी करा. हातानं भरलेल्या नक्षीत रंगाचा धागा त्या त्या बुट्ट्यापुरता वळून परत फिरतो. यंत्राच्या कामात मागे लांबच लांब मोकळे किंवा कापलेले धागे दिसतात. काठ किंचित वाकडा असेल, विणीत कुठे फरक असेल, तर आनंदानं घ्या. हातमागाचं चिन्ह बघा, पक्की पावती मागा आणि पावतीवर लोकरीचा प्रकार लिहून घ्या. जो विकणारा ‘शंभर टक्के पश्मिना’ तोंडानं सांगतो पण लिहून देत नाही, तिथून उठा.

कुणी आवाज खाली करून शाहतूश दाखवला तर हातही लावू नका. ती तिबेटी चिरू या हरणाची लव. ती मिळवण्यासाठी चिरू मारावाच लागतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिचा व्यापार गुन्हा आहे. ज्या डोळ्यांनी किब्बरचे भरल पाहिले त्यांना हे वेगळं सांगायला नको.

विणणाऱ्यांनी लडी घ्यावी. हातानं कातलेली, न रंगवलेली, पांढरी, तपकिरी, काळी. लेनोलिनचा, म्हणजे लोकरीतल्या नैसर्गिक तेलाचा, मेंढीचा वास यायला हवा. टोपीला ८० ते १०० ग्रॅम, मोजांना १००, मोठ्या माणसाच्या स्वेटरला ५०० ते ७०० ग्रॅम धरा आणि एक लडी जास्त घ्या, कारण तसलीच पुन्हा मिळत नाही. रंगवलेली घेत असाल तर सगळ्या लड्या एकाच वेळी रंगवलेल्या आहेत ना, ते उजेडात शेजारी धरून बघा. आपल्या हवेचाही विचार करा. पुण्या-नाशिकच्या हिवाळ्याला स्टोल किंवा हलकी मेरिनो शाल पुरते, मुंबई-रत्नागिरीला पट्टू कपाटातच राहील. आम्ही आधी ठरवलं होतं: दोघांत मिळून एक चांगली शाल, त्याला एक टोपी आणि मला एक किलो लोकर. तेवढ्यावरच थांबलो, आणि ती एक शाल दर थंडीत दोघंही वापरतो.

पायरी ९: घरी आणल्यावर

लोकर आल्या आल्या कपाटात टाकू नका. कसरीची अंडी सोबत आलेली असू शकतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत हवाबंद करून तीन-चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. मग सुती कापडात गुंडाळून, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून ठेवा. पावसाळ्यात दमट हवेत प्लॅस्टिकमध्ये बुरशी धरते, म्हणून तेव्हा सुतीच. दसऱ्याला सगळं काढून सावलीत वारा द्या.

धुताना रिठ्याचं गार पाणी. चोळायचं नाही, पिळायचं नाही, नुसतं दाबायचं. टॉवेलात गुंडाळून पाणी काढा आणि आडवं वाळवा. न रंगवलेल्या लडीचं पहिलं पाणी तपकिरी येईल आणि तळाशी बारीक गाळ बसेल. रंग जातोय म्हणून घाबरू नका. ती कुरणातली माती आहे, कधी त्यात गवताची काडीही निघते. तीनदा पाणी बदला, चौथ्यांदा स्वच्छ येतं.